राखीव ठिकाण : थंड, कोमट आणि ऊन



२०२१ सालच्या फेब्रुवारी महिन्यांत, २४ तारखेस, सकाळीं ११ वाजून ४० मिनिटांनीं मुंबईंतील नॅशनल स्टॉक एक्स्चेंज या शेअरबाजाराचे सर्व व्यवहार थांबविण्यांत आले. देशांतील सर्वांत मोठा बाजार भर दिवसा थांबला, आणि दुपारचे तीन वाजून गेले तरी तो पुन्हां केव्हां उघडणार हें कोणास कळेना. नेहमींची वेळ साडेतीनला संपावयाची. सकाळीं घेतलेले शेअर त्याच दिवशीं विकून मोकळें व्हावयाचें अशा बोलीनें ज्यांनीं सौदे केले होते, त्यांचे दलाल मोठ्या पेंचांत सापडले. सौदा तसाच ठेवावा तर उद्यांचा धोका. मिटवावा तर बाजार बंद. कित्येकांनीं शेजारच्या बाजारांत, म्हणजे मुंबई शेअरबाजारांत, मिळेल त्या भावानें ते सौदे मिटवून टाकले. आणि मग पावणेचार वाजतां थांबलेला बाजार उघडला व संध्याकाळीं पांचपर्यंत चालला! घाईनें सौदे मिटविलेल्या लोकांच्या तक्रारींस मग तोटा राहिला नाहीं.

एक्स्चेंजनें मागाहून दिलेल्या माहितीप्रमाणें दूरसंचाराच्या जोडण्यांत बिघाड झाला, त्यापाठोपाठ माहिती सांठविणारीं यंत्रें प्रतिसाद देईनाशीं झालीं, आणि सौद्यांतील जोखीम तपासणारी व्यवस्था बंद पडली. यंत्र आहे तेथें बिघाड आहे. त्याचें नवल नाहीं. परंतु या संस्थेचें एक राखीव संगणकस्थान चेन्नई येथें सज्ज होतें. मुंबईंतील यंत्रें निकामी झालीं तर तेथून बाजार चालवावा, एवढ्याचसाठीं तें उभारलेलें. त्या दिवशीं मात्र काम तिकडे नेण्यांत आलें नाहीं. आणि तें कां नेलें नाहीं, याचा खुलासा सेबीनें, म्हणजे रोखेबाजारांवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळानें, मागितला.

अशीं राखीव ठिकाणें कोणत्या प्रकारचीं असतात, त्यांपैकीं कोणतें कोणास लागतें, आणि एवढा खर्च करून उभारलेलें ठिकाण ऐन वेळीं निरुपयोगी कां ठरतें, याविषयीं आज आपणांशीं थोडें बोलावयाचें आहे.

पूर्वीं पेढीवर रोजमेळ आणि खतावणी अशा चोपड्या असत. पेढीस आग लागली तर शहाणा मुनीम तिजोरीच्या आधीं चोपड्या बाहेर काढी. कारण तिजोरींतला पैसा एकट्या पेढीचा, पण चोपडींतले आंकडे साऱ्या गांवाचे. आज जिल्ह्याच्या गांवांतील लहानशा सहकारी बँकेच्याही चोपड्या संगणकांत आहेत. शाखेंतील कारकून पडद्यावर जें पाहतो तें शाखेंत नसतेंच. तें दूर कोठें तरी एका थंड केलेल्या दालनांत, रात्रंदिवस घुमणाऱ्या यंत्रांत असतें. या दालनास डेटा सेंटर म्हणतात. तें बंद पडलें कीं सर्व शाखा एकाच क्षणीं आंधळ्या होतात. पैसा कोठें जात नाहीं. पण कोणाचा किती, हें सांगणारें कोणी उरत नाहीं. पगाराच्या दिवशीं किंवा मुलाची फी भरण्याच्या शेवटच्या दिवशीं असें झालें, तर खातेदाराच्या दृष्टीनें पैसा गेल्यासारखाच आहे.

म्हणून दुसरी जागा हवी. परंतु कशी हवी, हें ठरविण्यासाठीं कंत्राटदारास बोलावण्यापूर्वीं संस्थेच्या चालकांनीं स्वतःस दोन प्रश्न विचारले पाहिजेत. काम बंद पडलें तर तें किती वेळ बंद राहिलेलें चालेल, हा पहिला. आणि झालेल्या कामापैकीं किती वेळाचें काम पुसलें गेलेलें चालेल, हा दुसरा. हे दोन प्रश्न एकच आहेत असें वरवर वाटतें, पण तसें नाहीं. एखादी बँक दररोज रात्रीं बारा वाजतां सर्व नोंदींची प्रत काढून परगांवीं पाठविते असें समजा. दुपारीं चार वाजतां मुख्य यंत्रें जळालीं. राखीव यंत्रें अर्ध्या तासांत सुरू झालीं म्हणून पहिल्या प्रश्नाचें उत्तर उत्तम आलें. तरी त्या दिवसाच्या सोळा तासांच्या नोंदी गेल्या त्या गेल्याच. कोणीं किती भरले आणि कोणीं किती काढले हें मग पावत्यांवरून आणि लोकांच्या स्मरणावरून जुळवीत बसावें लागतें. आणि पैसे भरल्याचें स्मरण माणसास जितकें पक्कें राहतें, तितकें काढल्याचें राहत नाहीं!

इंग्रजींत या दोन मर्यादांस रिकव्हरी टाइम ऑब्जेक्टिव्ह आणि रिकव्हरी पॉइंट ऑब्जेक्टिव्ह अशीं लांबलचक नांवें आहेत, आणि जाणकार मंडळी त्यांचीं आद्याक्षरें घेऊन आर. टी. ओ. व आर. पी. ओ. म्हणतात. आपल्याकडे आर. टी. ओ. म्हटलें कीं गाडीचा परवाना डोळ्यांपुढें उभा राहतो, म्हणून मी आज त्यांस 'थांबण्याची मुदत' आणि 'गमावण्याची मुदत' असें म्हणणार आहें. एकाच संस्थेंत निरनिराळ्या कामांस या मुदती निरनिराळ्या असतात. कर्मचाऱ्यांच्या रजेचा हिशेब आठ दिवस बंद राहिला तर कोणाचें अडत नाहीं. एटीएम एक तास बंद राहिलें तर रांगेंतलीं माणसें ओरडूं लागतात. सरसकट सर्व कामांसाठीं उत्तम व्यवस्था मागणारे चालक आणि सरसकट स्वस्त व्यवस्था मागणारे चालक, दोघेही माझ्या मतें हा हिशेब करण्याचा कंटाळा करीत असतात.

आतां प्रकारांकडे वळूं. या ठिकाणांस कोल्ड, वॉर्म आणि हॉट साइट अशीं नांवें पडलीं आहेत. आपण घरगुती भाषेंत थंड, कोमट आणि ऊन म्हणूं.

आपलें दुसऱ्या गांवीं एक मोकळें घर आहे असें समजा. भिंती आहेत, छप्पर आहे, विजेची आणि पाण्याची सोय आहे. आंत मात्र कांहीं नाहीं. राहतें घर पडलें तर येथें येतां येईल, पण भांडींकुंडीं, धान्य, अंथरूण सर्व आणावें लागेल. हें थंड ठिकाण. संगणकाच्या बाबतींत त्याचा अर्थ असा कीं, दालन आहे, भरपूर वीज आहे, हवा थंड ठेवण्याची योजना आहे, तारा आंत आणून ठेवल्या आहेत. यंत्रें मात्र आपत्ति आल्यावर मागवावयाचीं, मांडावयाचीं, त्यांवर कार्यप्रणाली चढवावयाची आणि शेवटीं प्रतींवरून नोंदी भरावयाच्या. याला कित्येक दिवस, प्रसंगीं आठवडेही लागतात. खर्च अर्थात् सर्वांत कमी. एखाद्या कारखान्याचें किंवा शिक्षणसंस्थेचें काम दहापंधरा दिवस कागदावर चालण्यासारखें असेल तर थंड ठिकाण हा मुळींच वेडेपणा नाहीं. मात्र आपत्ति मोठी असेल तर सर्वांनाच एकदम यंत्रें हवीं असतात, आणि दुकानदाराकडे तीं नसतात, हें लक्षांत ठेवावें.

कोमट ठिकाणीं चूल मांडलेली आहे, भांडीं फळीवर आहेत, सरपणही आहे; धान्य मात्र मागच्या बाजाराचें. म्हणजे यंत्रें आणि जोडण्या तयार असतात, पण नोंदी कांहीं तासांपूर्वींच्या किंवा कालच्या असतात. शेवटची प्रत चढवून, जुळवाजुळव करून काम सुरू करावयास कांहीं तास, फार तर एकदोन दिवस लागतात. मध्यम खर्चांत मध्यम सोय, म्हणून पुष्कळ संस्था हाच प्रकार पसंत करतात. मला मात्र तिन्हींपैकीं हाच सर्वांत फसवा वाटतो. थंड ठिकाणीं कांहीं नाहीं हें सर्वांस दिसतें. कोमट ठिकाणीं सर्व कांहीं आहे असें दिसतें. मुख्य ठिकाणीं गेल्या महिन्यांत कार्यप्रणालीची नवी आवृत्ति बसविलेली असते आणि राखीव ठिकाणीं जुनीच चालू असते. मुख्य ठिकाणीं सांठवणीची जागा दुप्पट केलेली असते, इकडे ती तेवढीच राहते. कुलपाची किल्ली ज्याच्याजवळ, तो नोकरी सोडून गेलेला असतो. यांपैकीं एकही गोष्ट यादींत दिसत नाहीं. ती दिसते यंत्र सुरू करावयास बसल्यावर.

ऊन ठिकाणीं चूल पेटलेली आहे आणि पानेंही मांडलेलीं आहेत. मुख्य ठिकाणच्या तोडीचीं यंत्रें तेथें सतत चालू असतात, आणि इकडे झालेली प्रत्येक नोंद क्षणार्धांत किंवा कांहीं सेकंदांत तिकडे पोंचते. कांहीं संस्था याच्याही पुढें जाऊन दोन्ही ठिकाणीं निम्मेंनिम्में काम चालू ठेवितात. एक पडलें तर दुसरें सर्व भार उचलतें. थांबण्याची मुदत मिनिटांवर येते, आणि खर्च जवळजवळ दुप्पट होतो. पण याही प्रकारांत एक खोंच आहे. नोंदी तिकडे पोंचविणारी यंत्रणा बरें आणि वाईट यांत भेद करीत नाहीं. कोणीं चुकून एक खतावणी पुसून टाकली, किंवा खंडणी मागणाऱ्या चोरांनीं आंत शिरून सर्व नोंदी कुलूपबंद केल्या, तर तो घातही इमानेंइतबारें ऊन ठिकाणीं जाऊन पोंचतो. म्हणून ऊन ठिकाण असलें तरी जुन्या तारखांच्या, ज्यांस कोणासही हात लावतां येणार नाहीं अशा अलग प्रती ठेवाव्याच लागतात.

याखेरीज आणखीही कांहीं प्रकार आहेत. दोन संस्थांनीं एकमेकींस अडचणींत यंत्रें वापरूं द्यावीं असा करार कागदावर फार गोड दिसतो. प्रत्यक्षांत कोणाकडेच शेजाऱ्याचें सर्व काम पेलण्याइतकीं मोकळीं यंत्रें नसतात. मोठ्या मोटारगाडीवर संगणक बसवून आणण्याचीही सोय कांहीं देशांत आहे. अमेरिकेंत १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस फिलाडेल्फिया येथें सनगार्ड या कंपनीनें वर्गणी घेऊन अनेक संस्थांस मिळून एकच ऊन ठिकाण पुरविण्याचा धंदा सुरू केला, आणि तो पुढें पुष्कळ वाढला. एका शहरांतील दहा वर्गणीदारांवर एकाच दिवशीं संकट आलें तर जागा कोणास द्यावयाची, हा त्यांतला अडचणीचा प्रश्न. आतां त्या धंद्याची जागा बव्हंशीं क्लाउडनें घेतली आहे, म्हणजे दुसऱ्याच्या मोठ्या डेटा सेंटरांतील यंत्रें लागतील तेव्हां आणि लागतील तेवढीं भाड्यानें घेण्याच्या पद्धतीनें. मायक्रोसॉफ्टनें २०१५ मध्यें पुणें, मुंबई आणि चेन्नई येथें, व ॲमेझॉननें २०१६ मध्यें मुंबईस आणि २०२२ मध्यें हैदराबादेस अशीं केंद्रें उघडलीं. यामुळें लहान संस्थेसही एरवीं फक्त नोंदी तेवढ्या ताज्या ठेवून, वेळ आली म्हणजे बाकीचीं यंत्रें भाड्यानें उभीं करतां येतात. थंडपणाच्या खर्चांत कोमटाहून बरी सोय मिळते, हा खरोखरच मोठा फायदा झाला आहे.

ऊन ठिकाणाचा उपयोग काय, हें पाहावयाचें तर न्यूयॉर्कला जावें लागेल. न्यूयॉर्क बोर्ड ऑफ ट्रेड या बाजारांत कॉफी, साखर, कोको, कापूस आणि संत्र्याचा रस यांचे वायदे होत, आणि त्याची जागा वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या इमारतींपैकीं एकींत होती. १९९३ च्या फेब्रुवारींत त्या इमारतींच्या तळघरांत बॉम्बस्फोट झाला. त्या अनुभवानंतर या बाजाराच्या चालकांनीं ईस्ट नदीपलीकडे, क्वीन्स भागांतील लाँग आयलंड सिटींत एक राखीव जागा घेतली. त्या काळीं तेथील सौदे ओरडून आणि हातांच्या खुणांनीं होत. म्हणून नुसते संगणक मांडून भागणार नव्हतें, सौद्यांचें रिंगणही उभारावें लागलें. वर्षानुवर्षें ती जागा रिकामी ठेवून तिचा खर्च सोसण्यांत आला. ११ सप्टेंबर २००१ रोजीं मूळ जागा नष्ट झाली, आणि १७ सप्टेंबरला, न्यूयॉर्कचे इतर बाजार उघडले त्याच दिवशीं, कॉफी आणि कापसाचे सौदे नदीपलीकडे सुरू झाले. जागा लहान, म्हणून मालांच्या पाळ्या लावाव्या लागल्या. पण बाजार चालला.

त्याच दिवसाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वेस्ट स्ट्रीटवरील टेलिफोन कंपनीच्या एका मोठ्या इमारतीस त्या पडझडींत जबर इजा झाली, आणि त्या भागांतील असंख्य पेढ्यांच्या तारा मुक्या झाल्या. एक तार तुटली तर दुसरी असावी म्हणून ज्यांनीं दोन कंपन्यांकडून दोन जोडण्या घेतल्या होत्या, त्यांपैकीं कित्येकांस त्या दिवशीं कळलें कीं आपल्या दोन्ही तारा शेवटीं त्याच एका इमारतींतून जात होत्या. पावत्या दोन, रस्ता एक. मुंबईंत किंवा पुण्यांत रस्ता खणणाऱ्या एका यंत्रानें दोन कंपन्यांच्या तारा एकाच घावांत तोडाव्या, यांत म्हणूनच आश्चर्य मानण्यासारखें कांहीं नाहीं.

येथें अंतराचा प्रश्न येतो, आणि या साऱ्या विषयांत मला हाच सर्वांत चित्तवेधक वाटतो. राखीव ठिकाण किती दूर असावें? २६ जुलै २००५ या दिवशीं सुरू झालेल्या पावसानें सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटरची नोंद केली, हें आपल्यापैकीं पुष्कळांस आठवत असेल. माणसें रात्रभर कचेऱ्यांत आणि गाड्यांत अडकलीं. मुख्य ठिकाण वांद्र्यास आणि राखीव ठिकाण नवी मुंबईस अशी व्यवस्था एखाद्या पेढीनें केली, तर दोहोंवर पाऊस एकच, वीज पुष्कळ अंशीं एकाच जाळ्यांतली, आणि तीं चालविणारीं माणसेंही त्याच लोकलनें येणारीं. २०१२ च्या ऑक्टोबरांत सँडी वादळानें न्यूयॉर्कच्या दक्षिण टोंकाचीं तळघरें समुद्राच्या पाण्यानें भरलीं, तेव्हां एका इमारतींतील इंधनाचे पंप बुडाले आणि वरच्या मजल्यावरील विद्युज्जनित्र चालू ठेवण्यासाठीं माणसांनीं जिन्यानें सतराव्या मजल्यापर्यंत बादल्यांतून डिझेल चढविलें. शौर्य खरें, पण बादल्यांवर चालणारी योजना ही योजना नव्हे.

तर मग ठिकाण दूर न्यावें. शेअरबाजारांस सेबीनें मुख्य आणि राखीव ठिकाणांत निदान ५०० किलोमीटरांचें अंतर घालून दिलें तें याचसाठीं. एक पूर, एक भूकंप, एक वादळ दोहोंना एकदम गांठूं नये. चेन्नईस आपत्ति येत नाहीं असें कोणी समजूं नये. २०१५ च्या डिसेंबरांत तें शहर पाण्याखाली गेलें होतें. मुद्दा एवढाच कीं मुंबईचा पूर आणि चेन्नईचा पूर एकाच दिवशीं येण्याचा संभव फार थोडा. मुंबईचा मुख्य पाऊस नैर्ऋत्येकडून जून ते सप्टेंबर, चेन्नईचा ईशान्येकडून ऑक्टोबर ते डिसेंबर. निसर्गानेंच पाळ्या वांटून दिल्या आहेत!

पण दूर गेलें कीं दुसरी अडचण उभी राहते, आणि तिच्यावर पैशाचा उपाय नाहीं. कांचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदाला सुमारें २ लाख किलोमीटर जातो. मुंबईहून चेन्नई सरळ रेषेंत सुमारें १००० किलोमीटर. म्हणजे निरोप जावयास एका सेकंदाचा दोनशेंवा भाग, आणि 'पोंचला' हें उत्तर यावयास तितकाच. मिळून सेकंदाचा शंभरावा भाग झाला. प्रत्यक्षांत तार सरळ रेषेनें जात नाहीं, म्हणून थोडा अधिकच. आतां एकही नोंद गमवावयाची नाहीं अशी प्रतिज्ञा असेल, तर प्रत्येक नोंद तिकडे पोंचल्याचें उत्तर येईपर्यंत इकडे ती पक्की धरतां येत नाहीं. एकीमागून एक अशा ज्या नोंदी ओळीनेंच व्हावयाच्या, त्या मग सेकंदास शंभराहून अधिक होऊं शकणार नाहींत. ज्या बाजारांत सेकंदाला हजारों मागण्या येतात तेथें हें चालावयाचें नाहीं. म्हणून दूरच्या ठिकाणीं नोंदी पाठवितांना उत्तराची वाट न पाहतां पाठवीत जावें लागतें. आणि अशा वेळीं मुख्य ठिकाण एकाएकीं गेलें तर वाटेंत असलेल्या शेवटच्या थोड्या नोंदी हरवतात. जवळ राहावें तर दोन्ही एकदम बुडण्याचें भय, दूर जावें तर शेवटचा घांस गमावण्याचें भय.

यावर मोठ्या संस्थांनीं काढलेला तोडगा तीन ठिकाणांचा आहे. मुख्य ठिकाणापासून थोड्याच किलोमीटरांवर एक लहान ठिकाण असतें. तेथें बाजार चालविण्याचीं यंत्रें नसतात. फक्त प्रत्येक नोंद, उत्तराची वाट पाहून, तेथें उतरवून ठेविली जाते. पंचवीस किलोमीटरांवर जाऊन येण्यास सेकंदाचा चार हजारावा भाग लागतो, आणि तेवढा विलंब सोसतो. तिसरें ठिकाण दूर देशीं, सर्व यंत्रांनिशीं. मुख्य ठिकाण गेलें कीं जवळच्या ठिकाणाहून शेवटच्या नोंदी दूरच्या ठिकाणीं पोंचवावयाच्या आणि तेथून काम सुरू करावयाचें. जवळचें ठिकाण स्मरणशक्तीसारखें, दूरचें हातापायांसारखें.

हा सर्व खटाटोप ज्यांनीं केला नाहीं त्यांचें काय झालें, याचीं दोन उदाहरणें अगदीं अलीकडचीं आहेत. १० मार्च २०२१ रोजीं फ्रान्समध्यें स्ट्रासबर्ग येथें ओव्हीएच या कंपनीची पांच मजली डेटा सेंटरची इमारत रात्रीं आगींत जळून गेली आणि शेजारच्या इमारतीसही झळ लागली. ज्या गिऱ्हाइकांच्या प्रती दुसऱ्या गांवीं होत्या ते सावरले. ज्यांच्या प्रती त्याच आवारांत होत्या, त्यांपैकीं कित्येकांचें मूळही गेलें आणि प्रतही गेली. दुसरें उदाहरण दक्षिण कोरियाचें. २६ सप्टेंबर २०२५ रोजीं डेजॉन येथील सरकारी डेटा सेंटरांत विद्युत्घटांची हलवाहलव चालू असतां आग लागली, आणि टपालापासून ओळखपत्रापर्यंत ७०० च्या आसपास सरकारी यंत्रणा बंद पडल्या. सरकारी नोकर ज्यांत आपलीं कामाचीं कागदपत्रें ठेवीत, तो ८५८ टेराबाइटांचा सांठा कायमचा नष्ट झाला. तो फार मोठा, म्हणून त्याची प्रत दुसरीकडे ठेविलेली नव्हती, असें सांगण्यांत आलें. संगणकविद्येंत ज्यांचें नांव जगांत घेतलें जातें त्या देशांत हें घडलें.

आतां पुन्हां मुंबईकडे येऊं. चेन्नईस ऊन ठिकाण असूनही २४ फेब्रुवारी २०२१ रोजीं तें वापरलें गेलें नाहीं, यावरून एक गोष्ट स्पष्ट होते कीं, यंत्रें तयार असलीं तरी 'आतां हलावें' हा शब्द कोणी तरी उच्चारावा लागतो. आणि तो उच्चारणें सोपें नसतें. मुख्य ठिकाणचा अभियंता सांगत असतो कीं, आणखी दहा मिनिटें द्या, दुरुस्त होतें. आणि तो खोटें बोलत नसतो. दहा मिनिटांमागून दहा मिनिटें जातात. शिवाय हलण्यांतही धोका आहे: तिकडे सर्व नीट चाललें नाहीं तर दोष हलविणाराच्या माथीं. म्हणून वाट पाहणें हेंच प्रत्येकास सुरक्षित वाटतें, आणि बाहेर लक्षावधि लोक कांहीं न कळतां ताटकळत राहतात. त्या दिवशीं दलालांस बाजार चार वाजतां उघडेल एवढें जरी दुपारीं बाराला खात्रीनें कळलें असतें, तरी पुष्कळ नुकसान टळलें असतें. थांबण्याची मुदत ही यंत्रांच्या कामाची मोजणी आहेच, पण ती बाहेरच्या माणसांस दिलेलें वचनही आहे.

सेबीनें त्यानंतर मार्च २०२१ मध्यें जो आदेश काढला तो या दुखण्यावर नेमका बोट ठेवितो. महत्त्वाची यंत्रणा बंद पडल्यापासून ३० मिनिटांच्या आंत ही आपत्ति आहे असें जाहीर करावें, आणि जाहीर केल्यापासून ४५ मिनिटांत काम पुन्हां सुरू करावें. गमावण्याची मुदत १५ मिनिटांहून अधिक नसावी. म्हणजे वाट पाहण्याचा मोहच घड्याळाच्या हवालीं केला. अभियंत्याचीं 'आणखी दहा मिनिटें' तीनदां पुरतात, चौथ्यांदां नाहीं.

दुसरा उपाय संवयीचा. राखीव ठिकाणाची चांचणी बहुतेक संस्था सुटीच्या दिवशीं, खोटे व्यवहार करून घेतात, आणि ती नेहमींच यशस्वी होते. कारण त्या दिवशीं सर्व हुशार माणसें हजर असतात, बिघाड ठरलेल्या वेळीं होतो, आणि गिऱ्हाईक नसतें. खरी चांचणी खऱ्या गिऱ्हाइकांनिशींच. २ मार्च २०२४, शनिवार, या दिवशीं नॅशनल स्टॉक एक्स्चेंज आणि मुंबई शेअरबाजार या दोघांनींही खास बाजार भरविला. सकाळीं सव्वानऊपासून दहापर्यंत खरे सौदे मुख्य ठिकाणाहून झाले. मग मध्यें थोडा अवकाश घेऊन साडेअकरा ते साडेबारा खरे सौदे राखीव ठिकाणाहून, म्हणजे एकाचे चेन्नईहून आणि दुसऱ्याचे हैदराबादेहून झाले. १८ मे रोजीं, पुन्हां शनिवारींच, तोच प्रयोग केला गेला. घेणारांस व विकणारांस फरक कळूं नये हीच त्याची परीक्षा. लहान बँकेस बाजार भरवितां येणार नाहीं. पण तिमाहींतून एखादा दिवस दोन शाखांचें खरें काम राखीव ठिकाणाहून चालविणें तिलाही अशक्य नाहीं, आणि शिळ्या आवृत्त्या, अपुऱ्या जागा व हरवलेल्या किल्ल्या त्यांतच सांपडतात.

शेवटीं एका बाबीचा उल्लेख करतों, कारण योजनेच्या कागदांत तिला बहुधा दोनच ओळी मिळतात. ती म्हणजे परत येणें. राखीव ठिकाणीं चार दिवस काम चाललें कीं नव्या नोंदी तेथें झालेल्या असतात आणि जुनें मुख्य ठिकाण आतां मागें पडलेलें असतें. म्हणजे चार दिवसांपूर्वीं जें मुख्य होतें तें आतां कोमट झालें! नोंदींचा प्रवाह उलट फिरवावयाचा, दोन्हीकडची बेरीज जुळली कीं नाहीं हें पाहावयाचें, आणि मग पुन्हां एकदां, या वेळीं कोणतीही आपत्ति नसतांना, काम थांबवून हलवावयाचें. जातांना माणसें भीतीनें जागीं असतात. येतांना तीं थकलेलीं असतात. म्हणून परतीसाठीं शनिवारची रात्र धरावी, रविवार बेरजांच्या पडताळ्यास मोकळा ठेवावा, आणि सोमवारीं शाखा उघडण्यापूर्वीं बेरीज जुळली नाहीं तर आणखी एक आठवडा राखीव ठिकाणींच राहण्याची परवानगी चालकांनीं आधींच लेखी देऊन ठेवावी.